तीन सोसायट्या, एक गटार

साउथपोर्ट, ११ ऑगस्ट २००३

डल्सी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, पण लिहायला बसलो की वास येतो आणि मी उठून पुन्हा खिडक्या उघडतो. उघड्याच असतात, तरी जाऊन बघतो.

आमच्या न्हाणीघरातली मोरी तुंबली आहे. आमचं पाणी जात नाही एवढंच असतं तर मी तुला लिहिलं नसतं. दुसऱ्यांचं पाणी वर येतं. सकाळी साडेसातला वरची बिऱ्हाडं आंघोळी उरकतात, तेव्हा जाळीतून आधी बुडबुडे येतात, मग राखाडी पाणी, मग ते. काल त्यात मटार होते. आम्ही मटार खाऊन महिना झाला. या इमारतीत कोण काय खातं आणि कुणाचे केस गळतात, हे मला आता पाठ झालं आहे. साखर कारखान्यात चाळीस वर्षं मळीच्या टाकीशेजारी काढली, तिथे कधी नाकाला रुमाल लावला नाही. इथे लावतो.

तू म्हणशील, प्लंबर बोलाव. बोलावला. त्याने नळीत कॅमेरा घालून पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या इमारतीत काही नाही, काका. अडकलंय ते पुढे." पुढे म्हणजे कुणाच्या हद्दीत, हा खरा घोळ आहे. नीट वाच, मला स्वतःला समजायला दोन वर्षं लागली.

आमच्या हेरॉन इमारतीत बारा बिऱ्हाडं. त्यांची एक सोसायटी. तिचा मी सभासद, तिथे मला मत आहे. हेरॉन, आयबिस आणि इग्रेट या तीन इमारतींची मिळून वर एक लगून सोसायटी. हिरवळ आणि आतला रस्ता तिचा. पण लगूनमध्ये माणसं सभासद नाहीत, इमारती सभासद आहेत. तीन इमारती, तीन मतं. आणि लगूनसारख्या पाच गटांची सगळ्यात वर एक सँडपायपर सोसायटी. मोठं फाटक, मोठा रस्ता, तळं, पंपघर तिचं. तिथे पाच मतं. मी इमारतीला सांगायचं, इमारतीने लगूनला, लगूनने सँडपायपरला. मी स्वतः उठून वर गेलो तर तिथे मी कुणीच नाही. घर घेताना हे सगळं एका जाड पुस्तकात लिहून दिलं होतं. आपल्याला एवढं वाचता कुठे येतं? मी सही केली.

गटाराची नळीही तशीच वाटलेली. इमारतीखाली हेरॉनची, हिरवळीखाली लगूनची, मोठ्या रस्त्याखाली सँडपायपरची. घाण मात्र सगळीकडून माझ्याकडे येते, कारण तळमजल्यावर सगळ्यात खोल मोरी माझी.

एनिड बरी आहे. चार दिवस टुवूम्बाला ग्वेंडाकडे गेली आहे. लेकीची आठवण आली म्हणाली.

तुझा भाऊ,
क्लॅरी


इनिसफेल, २० ऑगस्ट

क्लॅरी,

चार दिवसांसाठी कुणी शिवणयंत्र घेऊन जात नाही. एनिडचा मला फोन आला होता. लहानपणी कोंबडी मेली तेव्हाही तू आईला "झोपली आहे" म्हणून सांगितलं होतंस, आणि तू अजून तसाच आहेस.

ती रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "डल्सी, पंचाहत्तर वर्षांची झाले, मी आता परक्यांच्या घाणीत उभी राहून अंग धुणार नाही. नळी दुरुस्त झाली की मी घरी. नाही झाली तर नाही." तुला माहीत आहे, ती बोलते तसं करते. तेव्हा तुझी मोरी म्हणजे नुसती मोरी नाही हे ध्यानात ठेव.

मी बावीस वर्षं बोल्स क्लबची सेक्रेटरी होते. गोळे घरंगळवणारी म्हातारी माणसं फार दुष्ट असतात, त्यांना मी सांभाळलं आहे. तर ऐक. खिडक्या तपासणं बंद कर. इमारतीच्या सभेत उभा राहा आणि म्हण, "लगूनमध्ये आपला प्रतिनिधी म्हणून मी जातो." अशा कामाला कुणी उत्सुक नसतं. तुला मिळेल.

डल्सी


साउथपोर्ट, २२ सप्टेंबर

डल्सी,

एनिडचं तुला कळलं ते बरंच झालं, मला लिहवत नव्हतं.

तू म्हणालीस तसंच झालं. सभेला सातजण आले होते. मी हात वर केला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची मिल्का म्हणाली, "क्लॅरीच जाऊ दे, त्याच्याच घरात येतंय." सगळे हसले. त्यांचंच माझ्या घरात येतं, आणि हसतात. पण मी आता लगूनमध्ये हेरॉनचा प्रतिनिधी आहे. कागद मिळाला.

मग लोरेन पेंगलीच्या कचेरीत गेलो. ती बाई आमच्या तिन्ही सोसायट्यांचं लिहिणं-पाठवणं पगारावर करते. टेबलावर तीन ट्रे आहेत: हिरवा, पिवळा, निळा. मी विचारलं, "मिसेस पेंगली, हेरॉनने लगूनला नळीबद्दल पत्र पाठवलं का?"

"पाठवलं ना, तीन तारखेला. मीच लिहिलं."

"मग लगूनचं काय म्हणणं?"

"लगूनला अजून मिळालेलं नाही."

"लगूनचं टपाल कोण उघडतं?"

"मीच."

"अहो, मग त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे!"

"हेरॉन म्हणून माहीत आहे, मिस्टर हॅवरफील्ड. लगून म्हणून मला कसं माहीत असेल?" असं म्हणून तिने पिवळ्या ट्रेकडे बोट केलं. तळाशी एक लिफाफा होता, तिच्याच अक्षरात तिचंच नाव लिहिलेला. "पिवळा मी गुरुवारी बघते. आज सोमवार आहे."

ती थट्टा करत नव्हती. मला बिस्कीट दिलं. मी ते घेतलंही, आणि बाहेर आल्यावर मला स्वतःचीच किळस आली. त्या बाईला कुठलाच वास येत नाही, डल्सी. ती डोंगरावर राहते, तिच्याकडे शोषखड्डा आहे.

एनिडला फोन केला. "झालं का?" म्हणाली. "होतंय," म्हणालो. तिने ठेवला.

क्लॅरी


इनिसफेल, ३० सप्टेंबर

क्लॅरी,

त्या लोरेनला मी आमच्या क्लबात दोन दिवस टिकू दिलं नसतं. पण तिच्यावर राग काढत बसू नकोस, ती ट्रेएवढीच आहे. लगूनच्या सभेत तुला तीनपैकी एक मत आहे. अजून एक मिळव. आयबिसचा आणि इग्रेटचा माणूस कोण आहे? त्यांना घरी बोलाव, वास दाखव.

माझा गुडघा बरा आहे, विचारलं नाहीस म्हणून सांगते.

डल्सी


साउथपोर्ट, १६ ऑक्टोबर

डल्सी,

गुडघ्याचं चुकलं. तेल लावत जा.

मोठी बातमी आहे. लगूनची सभा झाली. आयबिसचा प्रतिनिधी बेसिल ऑक्सनम म्हणून आहे, बँकेत मॅनेजर होता. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, वर इस्त्रीची अर्धी चड्डी, आणि बोलताना डोळे मिटतो. इग्रेटच्या मिस टॅप आहेत, त्या बेसिल बोलला की मान हलवतात. दोघांना मी घरी बोलावलं होतं. बेसिल म्हणाला, "तुमच्या शब्दावर विश्वास आहे आमचा." म्हणजे आला नाही.

पण सँडपायपरने मोठ्या रस्त्याखालची नळी उकरून नवी घालण्याचा ठराव मांडला आहे! इतर दोन गटांनाही थोडा वास येऊ लागला आहे म्हणून. आणि त्यांची सभा आहे चार नोव्हेंबरला, मेलबर्न कपच्या मंगळवारी. त्या दिवशी घोड्यांची शर्यत सोडून नळीच्या सभेला कोण जाणार? बेसिलने क्लबात टेबल सांगून ठेवलं आहे, मिस टॅपनी नवी टोपी घेतली आहे. बेसिल म्हणाला, "लगूनच्या वतीने वर कोण जाईल?" मी त्याचं वाक्य संपायच्या आत हात वर केला. आता सँडपायपरमध्ये लगूनचं मत द्यायला मी जाणार. तळमजल्यावरचा मी, थेट वर!

एक सहज विचारतो. तुमचा क्लब जिल्ह्याच्या सभेला माणूस पाठवायचा, तेव्हा त्याने क्लबाने सांगितलं तसंच मत द्यायचं, की प्रसंग पाहून स्वतःच्या मनाने दिलं तर चालायचं? नुसतं माहितीसाठी.

क्लॅरी


इनिसफेल, २४ ऑक्टोबर

क्लॅरी,

शाबास. मी एनिडला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बघू," पण आवाज मऊ होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मुळीच चालायचं नाही. माणूस पाठवतात तो क्लबाचा हात असतो, डोकं क्लबाचं असतं. आमच्या हर्बी मॅकासकिलने एकदा जिल्ह्यात जाऊन स्वतःच्या मनाने मत दिलं. मी त्याचं नाव पाटीवरून पुसून टाकलं आणि तो मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. तू का विचारतोस हे समजलं. इतर गटांच्या माणसांनी आपापल्या लोकांशी दगा करून उलटं मत दिलं तर काय, ही तुला भीती. भिऊ नकोस. कागद असतो, कागदाप्रमाणे हात जातो.

डल्सी


साउथपोर्ट, ६ नोव्हेंबर

डल्सी,

ठराव पडला. दोन विरुद्ध तीन.

पाऊण तासात सभा संपली. लोरेन निळी वही घेऊन बसली होती. शेजारच्या हॉलमध्ये शर्यतीचा रेडिओ चालू होता.

काल मोरीतून एका लहान मुलाची चिकटपट्टी आली, बोटाला लावतात ती, कार्टूनची. मी ती कागदात उचलली आणि तिथेच ओकलो. मग मोरीचं आणि माझं, दोन्ही पुसलं.

क्लॅरी


इनिसफेल, १३ नोव्हेंबर

क्लॅरी,

दोन विरुद्ध तीन! म्हणजे एकाच मताने. तो एक कोण ते मला कळव. नाव आणि पत्ता. मी ऐंशी ओलांडली आहे, मला कुणी तुरुंगात टाकणार नाही. कुणी तरी सुखात वरच्या मजल्यावर राहणारा, खुर्चीत बसून, एका म्हाताऱ्या बाईला तिच्या घरापासून तोडणारा हात वर करतो, आणि मग जाऊन घोड्यावर पैज लावतो. माणूस म्हणायचं का त्याला? आमच्याकडे उसातले उंदीर मारायचं औषध मिळतं, ते पाठवते.

एनिडला मी सांगितलेलं नाही. तू सांग.

डल्सी


साउथपोर्ट, २५ नोव्हेंबर

डल्सी,

औषध पाठवू नकोस. पत्ता तुला माहीत आहे.

लगूनच्या त्या सभेत मी हात वर केला आणि मला वर पाठवायचं ठरलं, ते खरं. पण त्यानंतर बेसिल म्हणाला, "आता मिस्टर हॅवरफील्डनी तिथे काय मत द्यायचं ते ठरवू." मला वाटलं होतं मी ठरवणार. बेसिल डोळे मिटून म्हणाला, "आपण 'हो' म्हटलं तर वरचे म्हणतील, दोष लगूनच्याच नळीत होता म्हणून हे इतके उतावीळ. मग सगळं आपल्या गळ्यात." मिस टॅपनी मान हलवली. आयबिस आणि इग्रेट विरोधात, हेरॉन बाजूने. दोन विरुद्ध एक. म्हणजे लगूनचं मत 'नाही'. लोरेनने कागद टाइप करून माझ्या हातात दिला: लगूनच्या प्रतिनिधीने ठरावाविरुद्ध मत द्यावं. खाली माझीच सही घेतली. बेसिल म्हणाला, "उलटं केलंत तर लगून तुमच्यावर कोर्टात जाईल, व्यक्तिशः." मी सातवीत शाळा सोडली, डल्सी. 'व्यक्तिशः' म्हणजे ते काय काय नेऊ शकतात, मला कुठे ठाऊक?

म्हणून तुला विचारलं होतं. तू 'चालतं' म्हणाली असतीस तर मी केलं असतं असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. मी भित्रा आहे.

वर दोघांनी 'हो' म्हटलं, दोघांनी 'नाही'. मग लोरेन म्हणाली, "लगून?" मला वाटलं ती माझ्याशी बोलत नाही. मग कळलं, मीच लगून. मी हात वर केला आणि 'विरुद्ध' म्हणालो. आवाज नीट निघाला, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढचं ऐक. इतिवृत्त सगळ्या मालकांना टपालाने जातं. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. एनिडने लोरेनला टुवूम्बाचा पत्ता कळवला होता. मी फोन करायचं ठरवत होतो, रोज ठरवत होतो. गेल्या आठवड्यात सोमवारी तिला पाकीट मिळालं. त्यात छापलं होतं: लगून (प्रतिनिधी सी. हॅवरफील्ड), विरुद्ध. तिने फोन केला आणि विचारलं, "हा सी. कोण?" मग स्वतःच "बरं," म्हणाली आणि ठेवला. आता ग्वेंडा उचलते आणि म्हणते, आई बागेत आहे. पाऊस असला तरी बागेत आहे.

मोरीची मला आता तितकी घाण वाटत नाही.

क्लॅरी


इनिसफेल, ३ डिसेंबर

क्लॅरी,

तुझं पत्र वाचून मी आधी दोन दिवस तुझ्यावर संतापले. मग माझं चोवीस ऑक्टोबरचं पत्र आठवलं. 'कागदाप्रमाणे हात जातो.' किती ऐटीत लिहिलं होतं मी. हर्बी मॅकासकिल कशासाठी उलटा गेला होता माहीत आहे? जिल्ह्याने आमच्या क्लबाची बायकांची शाखा बंद करायचं ठरवलं होतं, आणि आमच्या पुरुषांनी त्याला 'हो' म्हणायला सांगून पाठवलं होतं. तो 'नाही' म्हणाला. म्हणून बायकांची शाखा राहिली. आणि त्याच शाखेतून सेक्रेटरी झालेली मी, मी त्याचं नाव पुसलं. नियम नियम करून. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

तू भित्रा आहेस हे मला नवीन नाही. पण लपवलंस, हे वाईट. आता हेरॉनच्या प्रतिनिधीपदाचा राजीनामा दे आणि तो कागद एनिडला पाठव. बाकी काही लिहू नकोस. मनधरणी करू नकोस. तुझं रडगाणं तिला नको आहे.

डल्सी


साउथपोर्ट, ८ मार्च २००४

डल्सी,

तीन महिने लिहिलं नाही, कारण प्रत्येक वेळी अर्धीच बातमी होती आणि अर्धी बातमी देण्याची माझी खोड तू जाणतेस. आता सगळं सांगतो.

राजीनामा पाठवला, एक शब्दही न जोडता. आठ दिवसांत एनिडचं पोस्टकार्ड आलं. माझ्या नावाने नव्हे, हेरॉनच्या सेक्रेटरीच्या नावाने: रिकाम्या जागेसाठी मी उभी आहे, ई. हॅवरफील्ड, सहमालक. जानेवारीच्या सभेत ती बसने आली, मिल्काशेजारी बसली, निवडून आली आणि परत गेली. माझ्याकडे पाहून मान हलवली, शेजाऱ्याला हलवतात तशी.

मग तिने ते जाड पुस्तक वाचलं. मी दोन वर्षांत उघडलं नव्हतं, तिने चष्मा लावून चार दिवसांत संपवलं. त्यात लिहिलं आहे की लगूनची सभा तीनपैकी कुठल्याही इमारतीतल्या कुठल्याही घरात घेता येते, यजमान इमारतीने तसं कळवलं तर. तिने लोरेनला पत्र टाकलं. लोरेनने हिरव्यातून पिवळ्यात घातलं, गुरुवारी उघडलं, आणि सगळ्यांना नोटीस गेली: सभा, हेरॉन, घर क्रमांक एक, सकाळी साडेदहा. चहा आणि भोपळ्याचे स्कोन.

फेब्रुवारीतला उकाडा तुला सांगायला नको. बेसिल पांढरे मोजे चढवून आला. मिस टॅपनी दारातच रुमाल काढला. एनिडने न्हाणीघराचं दार सताड उघडं ठेवलं होतं आणि खुर्च्या तिकडे तोंड करून मांडल्या होत्या. मला म्हणाली, "तू चहा दे." पावणेअकराला वरून मिल्का खाली ओरडली, "एनिड, टब भरलाय, सोडू का?" एनिड म्हणाली, "सगळ्यांनी सोडा!" वरच्या नऊ बिऱ्हाडांनी एकदम बूच काढलं.

वर्णन करत नाही. स्कोन कुणी खाल्ले नाहीत. ते उंबऱ्यावरून बाहेर आलं आणि बेसिलच्या बुटापर्यंत गेलं. त्याने पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले, लहान पोरासारखे. म्हणाला, "हे... हे नेहमी असं होतं?"

एनिड म्हणाली, "नाही, बेसिल. रविवारी जास्त. आपण ठरावाकडे वळू या का? की आधी अजून चहा घेणार?"

तीन विरुद्ध शून्य. लगूनने मागचं मत फिरवलं. त्याच बैठकीत वर कोणी जायचं हा प्रश्न आला तेव्हा बेसिल म्हणाला, "मिसेस हॅवरफील्डच," आणि हे तो दाराबाहेर पोचून म्हणाला. सँडपायपरची खास सभा झाली. ती कागद घेऊन गेली आणि कागदाप्रमाणे हात वर केला. दोन विरुद्ध तीन, पण या वेळी तीन आमच्या बाजूला.

गेल्या मंगळवारी खोदलं. चरबीचा गोळा निघाला, माणसाच्या मांडीएवढा, त्यात चिंध्या, दोरे आणि कुणाची तरी खालची कवळी. कवळी आपली असं कुणी म्हणालं नाही. आयबिसमधला एक गृहस्थ हल्ली सूप पितो असं मिल्का सांगते. जुनी नळी काढून नवी घालायला पावणेदोन तास लागले. पावणेदोन तास, डल्सी. आणि सहा महिने ती बाई एका ट्रेतून दुसऱ्या ट्रेत पत्रं टाकत होती, मी ती वाहत होतो, आणि प्रत्येक जण म्हणत होता, घाण आपल्या हद्दीतली नाही. मोरी साफ झाली, पण या माणसांबद्दलची आणि स्वतःबद्दलची माझी किळस काही धुतली जात नाही.

शनिवारी एनिड आली. शिवणयंत्र टॅक्सीतून मी उतरवलं. ती बुटांसकट न्हाणीघरात गेली, नळ सोडला, पाणी जाताना पाहिलं, पुन्हा सोडला. मग बाहेर येऊन ओट्याशी उभी राहिली आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "तू 'विरुद्ध' म्हणालास, तेव्हा मी तुझ्या मनात होते का?"

मी म्हणालो, "होतीस."

"तरी?"

"तरी."

तिने किटली ठेवली. कपाटातून एकच कप काढला. दुसरा माझा मी काढून घेतला आणि तिच्या कपाशेजारी ठेवला. तिने तो बाजूला सारला नाही.

क्लॅरी